अंगावर काढायचे वय

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमध्ये झाला. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून दीड वर्ष होते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला विलंब वेळीच हेरायचा, गरज पडली तर पुढच्या रुग्णालयात पाठवायचे, अशी ही योजना. डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येते. योजनेच्या अंमलबजावणीवर बोलायला जागा आहे, पण तिच्यामागचा विचार पक्का आहे: मूल आजारी पडून दारात येण्याची वाट पाहू नका, तुम्हीच त्याच्यापर्यंत जा. अडचण अठरा पूर्ण झाल्यावर सुरू होते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम एकोणिसाव्या वर्षापर्यंत सोबत करतो आणि थांबतो. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांची सरकारी चाळणी तिशीनंतर सुरू होते. कामगार विम्याचे कार्ड मिळते ते नोकरी लागल्यावर, आणि तीही कायद्यात बसणारी असेल तर. मधली दहा-अकरा वर्षे सरकारी कागदावर निरोगी आहेत. नेमकी हीच वर्षे कॉलेजची. दुखणे अंगावर काढायचे वय ते हेच, असे घरातही मानतात आणि धोरणातही.

या वयातला मुलगा किंवा मुलगी दिवसाचे पाच-सहा तास जिथे असते, त्या कॉलेजात वैद्यकीय सोय म्हणून काय असते? वसई-विरारच्या संदर्भात हा प्रश्न लहान नाही. 2009 मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 12 लाख 20 हजारांहून अधिक होती आणि त्यानंतर नालासोपारा-विरारच्या पूर्वेला जी वस्ती वाढली ती कोणत्याही जनगणनेत अजून आलेली नाही. वसई रोडला वर्तक महाविद्यालय 1971 पासून आहे. त्याच विद्यावर्धिनी संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1994 पासून. वसईत संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आहे, विरारला विवा आहे, आणि शिवाय विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित, फार्मसी, विधी, बी.एड. अशी कॉलेजे वाढतच आहेत. यातली बहुतेक मुंबई विद्यापीठाला संलग्न आणि जवळजवळ सगळी अनिवासी. विद्यार्थी सकाळी येतो, तास संपले की जातो. कोणी नायगावहून, कोणी सफाळे-पालघरहून, आणि 2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल धावू लागल्यापासून थेट बोईसर-डहाणूहूनही. अशा कॉलेजात आरोग्याची म्हणून साधारणपणे एक प्रथमोपचार पेटी असते, एक खाट असलेली आजारी-खोली असते, राष्ट्रीय सेवा योजनेचे रक्तदान शिबिर असते, वर्षातून एखादी हिमोग्लोबिन किंवा डोळ्यांची तपासणी असते, आठवड्यातून ठरावीक दिवशी येणारे समुपदेशक असतात आणि शुल्काच्या पावतीवर गट विम्याची एक ओळ असते. ओळखपत्रावर रक्तगट असतो. तो बहुतेक वेळा विद्यार्थ्यानेच अर्जात भरलेला असतो आणि पुन्हा कोणी ताडून पाहत नाही.

यातली एकेक गोष्ट निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण त्या सगळ्या मिळून सेवा होत नाहीत, कारण एकीला दुसरीची माहिती नसते. शिबिरात रक्त कमी निघालेल्या मुलीचे नाव आजारी-खोलीत कोणाला ठाऊक नसते, आणि परीक्षेत तीनदा चक्कर येऊन पडलेल्या मुलाची खबर समुपदेशकाला लागत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की अनिवासी कॉलेजात दवाखान्याचे पहिले काम ओळख ठेवण्याचे आहे, औषध देण्याचे नंतर. एक माणूस, एक नोंदवही, तीन किंवा पाच वर्षांची सोबत. आणि हे काम एकेकट्या कॉलेजाला झेपणारे नसल्याने ते चार-पाच कॉलेजांनी मिळून करावे लागेल.

ही कल्पना नवी नाही, आणि आयातही केलेली नाही. आपल्याकडे शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली ती 1909 मध्ये बडोदा शहरात, सयाजीरावांच्या कारकिर्दीत. कॉलेजांबाबत पाहायचे तर अमेरिकेत अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने 1861 मध्ये एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरांना आरोग्य आणि व्यायाम या विषयाचे प्राध्यापक नेमले आणि विद्यार्थ्यांच्या प्रकृतीची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. विद्यार्थी-आरोग्यसेवेचा इतिहास तिकडे तिथून मोजतात. स्वतंत्र भारतात राधाकृष्णन आयोगाने 1948-49 मध्येच सांगितले होते की प्रत्येक विद्यार्थ्याची प्रवेशाच्या वेळी आणि पुढे वर्षातून निदान एकदा मोफत आणि नीट शारीरिक तपासणी व्हावी. आयोगाच्या बाकी किती शिफारशी अमलात आल्या यावर ग्रंथ निघाले. ही शिफारस मात्र कोणी नाकारली नाही आणि कोणी सरसकट अमलातही आणली नाही. त्याचे कारण माझ्या मते उदासीनतेपेक्षा रचनेत आहे. आयोगाच्या डोळ्यांपुढे वसतिगृहे असलेले, एका आवारातले विद्यापीठ होते. जिथे तसे आवार आहे तिथे व्यवस्था उभीही राहिली: पवईला आयआयटीचे स्वतःचे रुग्णालय आहे, मुंबई विद्यापीठाचे आरोग्य केंद्र कलिन्याच्या विद्यानगरीत आहे. पण विद्यापीठाची शेकडो संलग्न कॉलेजे रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून डहाणू-तलासरीपर्यंत पसरलेली आहेत. विरारच्या विद्यार्थ्याला कलिन्याचे केंद्र चाळीस किलोमीटरच्या पलीकडे आहे. त्याच्या लेखी ते नसल्यातच जमा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये शारीरिक तंदुरुस्ती, आरोग्य आणि मानसिक स्वास्थ्य यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि प्रत्येक संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावे असे म्हटले. सूचना चांगल्या आहेत. त्यांतही संस्था म्हणजे आवार, हे जुने गृहीतक लपलेले आहेच.

विद्यार्थ्यांना होते तरी काय, हा रास्त प्रश्न आहे. हृदयविकार, पक्षाघात या वयात क्वचित. पण वसई-विरारच्या हवेत आणि लोकलच्या गर्दीत जे होते त्याची यादी डॉक्टरांना तोंडपाठ असते. पहिला गजकर्ण. दमट किनारा, ओले कपडे, घामेजलेली जीन्स आणि दोन तासांचा रेटारेटीचा प्रवास, यात मांड्या-कमरेवर नायटा येतो; मेडिकलमधून एक मलम घेतले जाते, खाज दोन दिवसांत थांबते आणि चट्टे महिन्याभरात दुप्पट होऊन परततात, कारण त्या मलमात स्टेरॉइड असते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा स्टेरॉइडयुक्त मलमांना चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या अनुसूचीत टाकले, तरी ती सहज मिळतात. एका सिस्टरने पहिल्याच आठवड्यात ‘हे मलम लावू नकोस’ एवढे सांगितले तर सहा महिन्यांचा त्रास वाचतो. लाज वाटावी अशा जागी होणारा आजार असल्याने घरात तो दाखवला जात नाही, हे ओघाने आलेच. दुसरा रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. देशाचा आकडा 57 टक्के. म्हणजे वर्गातल्या मुलींपैकी निम्म्या तरी थकलेल्या आहेत असे धरून चालायला हरकत नाही. पहाटेची गाडी पकडायची म्हणून न्याहारी नाही, अकरा वाजता कॅन्टीनचा वडापाव आणि त्यावर चहा. चहाने लोह नीट शोषले जात नाही हे पाठ्यपुस्तकात असते, कॅन्टीनच्या भिंतीवर नसते. पाळीचे विकार याच्याशी जोडलेले. दर महिन्याला दोन दिवस दांडी मारणाऱ्या मुलीची नोंद कॉलेज ‘अनुपस्थित’ अशी करते. दवाखाना ती वेगळी करेल.

तिसरा क्षयरोग. दोन आठवड्यांवरचा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेले वजन. विद्यार्थ्याच्या बाबतीत यातले प्रत्येक लक्षण ‘अभ्यासाचा ताण’ या खात्यात जमा होते. उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत, पोषणासाठी दरमहा दिली जाणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून 500 वरून 1,000 रुपये झाली आहे. कमी आहे ती फक्त ‘थुंकी तपासून घे’ असे वेळेवर म्हणणारी व्यक्ती. चौथे पावसाळ्याचे आजार. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि वसई-विरार काही दिवस जगापासून तुटले ते सगळ्यांच्या लक्षात आहे, पण लहान प्रमाणात गुडघाभर पाण्यातून वाट काढणे इथे दर वर्षीचे. जखम असलेल्या पायाने त्या पाण्यात उतरलेल्याला ताप आला तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) विचार पहिल्या दोन दिवसांत व्हायला हवा. शिवाय जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू भागातून येणारे आदिवासी विद्यार्थी. सिकल सेलचा आजार या पट्ट्यात आहे, आणि 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची चाचणी अपेक्षित आहे. वर म्हटलेल्या दहा-अकरा वर्षांच्या खड्ड्यावरून जाणारी एवढी एक फळी सरकारने टाकली आहे. लग्न ठरण्याच्या आधी आपण वाहक आहोत की नाही हे कळण्याची शेवटची सोयीची जागा कॉलेज आहे. तिथे ती चाचणी नेमाने व्हावी यासाठी नवा पैसा लागत नाही, तारीख ठरवणारा माणूस लागतो.

आता मनाचे दुखणे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतल्या 1,764 महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. निमहान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक विकारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये उच्च शिक्षणसंस्थांतल्या आत्महत्यांचा अभ्यास करायला निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले आणि जुलै 2025 मध्ये दुसऱ्या एका निकालात सांगितले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. शंभराची ही अट वसई-विरारच्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजाला लागू होते. आदेश पाळला जाईल. पाटी लागेल, खोली मिळेल. माझी शंका त्या खोलीच्या दाराविषयी आहे. ‘समुपदेशन कक्ष’ असे लिहिलेल्या दारातून वर्गमित्रांच्या देखत आत जायला जे धैर्य लागते ते खचलेल्या मुलाकडे नसते, तेच तर त्याचे दुखणे. तो डोकेदुखीची गोळी मागायला मात्र येतो. झोप लागत नाही, पोटात गोळा येतो, छाती धडधडते, हे शब्द त्याला माहीत असतात आणि ते उच्चारायला लाज वाटत नाही. म्हणून समुपदेशकाची जागा गोळ्या देणाऱ्या सिस्टरच्या शेजारच्या खोलीत, एकाच दाराआड असावी. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास उपलब्ध आहे आणि तो प्रत्येक ओळखपत्रामागे छापायला काही खर्च नाही; पण तिसऱ्यांदा डोकेदुखी घेऊन आलेल्या मुलाकडे बघून ‘बस जरा’ म्हणणे फोनला जमत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहारी माणसाचा: नाक्यानाक्यावर डॉक्टर आहेत, कॉलेजला कशाला दवाखाना? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग तपासून पाहावा लागतो. वसई-विरारमध्ये, विशेषतः चाळींच्या दाट वस्त्यांत, पदवी नसताना दवाखाने थाटणाऱ्यांवर महापालिकेने वेळोवेळी गुन्हे दाखल केले आहेत. पाटी पाहून खरा डॉक्टर ओळखणे शिकलेल्या माणसालाही जमत नाही, मग अठरा वर्षांच्या मुलाला कसे जमावे? बरे, डॉक्टर खरे आणि चांगले आहेत असे धरले तरी ते ‘घरचे’ डॉक्टर असतात. ते आईला ओळखतात, बाबांचा रक्तदाब बघतात, बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांना औषध देतात. पोरगी एकटी आली तर ‘आई कुठंय?’ हा पहिला प्रश्न. त्यात वाईट हेतू नाही, आपुलकीच आहे. पण त्या आपुलकीमुळेच काही प्रश्न त्या टेबलावर कधीच मांडले जात नाहीत.

ते प्रश्न कोणते, हे आडपडदा न ठेवता लिहायला हवे. चुकलेली पाळी, जननेंद्रियांचा संसर्ग, एचआयव्हीची भीती, हातावरच्या ब्लेडच्या खुणा, दारू, गुटख्याची सवय. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे आणि शाळा-कॉलेजांच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. तरी सवय लागते ती याच वयात. अठरा पूर्ण झालेली मुलगी कायद्याने सज्ञान आहे. गर्भपाताच्या कायद्यात तिला पालकांची संमती लागत नाही, 2021 च्या दुरुस्तीने तिचे नाव उघड करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, आणि मानसिक आरोग्य कायदा 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. गुंता असा की महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग बहुधा त्याच इमारतीत भरतात. सोळा-सतराची मुलगी आणि एकोणीसची मुलगी एकाच जिन्यावरून चढतात, पण दवाखान्याच्या टेबलासमोर दोघींचे कायदे वेगळे. अठराखालच्या मुलीच्या बाबतीत पॉक्सो कायद्याने खबर देणे बंधनकारक आहे, मग संबंध तिच्या मर्जीचे असोत वा नसोत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये एवढी मोकळीक दिली की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरने खबर देताना तिची ओळख सांगण्याची गरज नाही. हे बारकावे प्राचार्यांनी सांभाळावेत अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि कॉलेजच्या शिपायाने सांभाळावेत ही तर थट्टा. तिथे प्रशिक्षित माणूसच हवा. पालकांचा आक्षेप येईल की आमच्यापासून लपवायला कॉलेज कोण? उत्तर असे की लपवाछपवी आजही चालूच आहे. फरक एवढाच की सध्या ती मैत्रिणीच्या सल्ल्याने आणि मेडिकलच्या काउंटरवर चालते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वसईत सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, नालासोपाऱ्यात तुळिंजचे रुग्णालय आहे, महापालिकेची आरोग्य केंद्रे आहेत, 1 मे 2023 पासून राज्यभर सुरू झालेला ‘आपला दवाखाना’ आहे, किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकची योजना आहे. सांडोरचे कार्डिनल ग्रेशियस रुग्णालय तर वसईकरांच्या पिढ्यांना परिचयाचे. मग तेच काम पुन्हा कशाला करायचे? पुन्हा करू नयेच. तपासणी, क्ष-किरण, क्षयाचे औषध, दाखल होणे हे तिथेच व्हावे. पण ज्यांनी सरकारी ओपीडीत केसपेपर काढला आहे त्यांना ठाऊक असते की सकाळची रांग म्हणजे अर्धा दिवस. तोच अर्धा दिवस तासांचा असतो, आणि परीक्षेला बसायचे तर 75 टक्के हजेरी लागते. ज्याला ताप आहे तो जाईल. ज्याला नुसते ‘बरे वाटत नाही’ तो जाणार नाही, आणि क्षय, रक्तक्षय, नैराश्य या तिन्हींची सुरुवात नुसते बरे न वाटण्यानेच होते. कॉलेजचा दवाखाना म्हणजे या रुग्णालयांच्या दारापर्यंतची पायवाट. सिस्टरने फोन करावा, चिठ्ठी द्यावी, आणि पंधरा दिवसांनी ‘गेली होतीस का?’ असे विचारावे. हे शेवटचे विचारणे सध्या कॉलेजात कोणाचेच काम नाही.

विम्याचा आधार घेणारेही आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली आहे. कॉलेजांचा गट विमा अपघातासाठी आहेच. पण या योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर जाग्या होतात. वर सांगितलेल्या दुखण्यांपैकी बहुतेकांना खाट लागत नाही, ओपीडी लागते. विमा हा मोठ्या पडझडीचा बंदोबस्त आहे, तो असावा. त्याच्या भरवशावर दवाखाना टाळणे म्हणजे अग्निशमन दल आहे म्हणून गॅसचा नळ उघडा ठेवण्यासारखे.

आणि शिबिरे? त्यांच्याविषयी थोडे कठोर लिहावे लागेल. शिबिराचे फोटो निघतात, आकडा निघतो, प्रमाणपत्र निघते आणि सगळे कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत जाते. तीनशे मुलींचे हिमोग्लोबिन मोजले हे कळते. त्यांतल्या कितीजणींचे तीन महिन्यांनी पुन्हा मोजले हे कोणी विचारत नाही, फायलीत तसा रकानाही नसतो. मोजून सोडून देण्यापेक्षा न मोजलेले बरे, असे मी म्हणणार नाही, पण कमी निघालेल्या मुलीला हातात चिठ्ठी देऊन घरी पाठवणे हे आरोग्यसेवेत मोडत नाही. मात्र शिबिरांनी एक गोष्ट सिद्ध केली आहे. 25 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर 2021 या काळात राज्याने ‘मिशन युवा स्वास्थ्य’ राबवून कॉलेजाकॉलेजांत कोविडची लस दिली. उच्च शिक्षण आणि आरोग्य ही दोन खाती एका टेबलावर बसली, विद्यार्थ्यांच्या याद्या निघाल्या, लस आवारात आली. मनात आणले तर हे होते, आणि आठवड्याभरात होते. पुढे ते टेबल उचलले गेले.

खर्चाचे काय? इथे दिल्लीकडे बघण्यासारखे आहे. दिल्ली विद्यापीठात वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिसचे आरोग्य केंद्र आहे. विद्यापीठ आणि संलग्न कॉलेजे मिळून त्याचा लाभ घेतात, सभासद ठरावीक वर्गणी भरतात, आणि एकेका कॉलेजाला डॉक्टर नेमावा लागत नाही. हाच नमुना आपल्या प्रमाणात आणायचा तर हिशेब सोपा आहे. समजा एका स्थानकाच्या परिसरातल्या कॉलेजांचे मिळून वीस हजार विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकी वर्षाला शंभर रुपये जमतात. वीस लाख झाले. महिन्याला दीड लाखाच्या वर. त्यात प्रशिक्षित परिचारिका, रोज दोन-तीन तास येणारे एमबीबीएस डॉक्टर आणि समुपदेशक बसवता येतात. जागा एखादी संस्था देईल, औषधे आणि चाचण्या महापालिकेच्या केंद्रातून येतील. एकट्या हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजला हेच करायचे म्हटले तर लाखभर रुपयांत वर्षभर एक माणूसही नीट टिकणार नाही. अडचण आहे ती अशी की अनुदानित कॉलेजला स्वतःच्या मनाने शुल्काचे नवे शीर्षक काढता येत नाही. ते विद्यापीठाने ठरवायचे. आणि शंभर रुपयेही ज्याला जड आहेत असा विद्यार्थी या जिल्ह्यात आहे, त्याचा वाटा आदिवासी विकास आणि समाजकल्याण खात्याने उचलायला हवा. विद्यापीठ कायदा 2016 नुसार विद्यार्थी विकास मंडळ आहेच. हा विषय त्याच्या कार्यक्षेत्रात बसतो. संयुक्त केंद्राची जबाबदारी कोणाची, प्राचार्य बदलले तर कोण सांभाळणार, ही भीती खरी आहे. संस्थाचालकांचे आपसातले मानापमानही खरे आहेत, वसईत ते नवे नाहीत. त्यावर उपाय म्हणून केंद्राचे यजमानपद महापालिकेकडे द्यावे आणि कॉलेजांनी वर्गणीदार राहावे. डॉक्टर महापालिकेचा असेल तर प्राचार्यांना त्याच्याकडून विद्यार्थ्याची गुपिते मागता येणार नाहीत, हा आणखी एक फायदा.

सुरुवात कुठून करायची हे शोधायला समिती नको. वसई रोडला विद्यावर्धिनीच्या आवारात पदवी, अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन असे तीन प्रकारचे विद्यार्थी एकाच फाटकातून आत येतात. वसई गावात गोन्सालो गार्सियाच्या विद्यार्थ्यांना पेटिट रुग्णालय शहराच्या त्याच टोकाला आहे, म्हणजे तिथे फक्त जोडणारी व्यक्ती नेमायची आहे. विरारला विवाच्या कॉलेजांचा मिळून एक गट सहज होतो. तीन ठिकाणी, एका शैक्षणिक वर्षापुरते, महापालिकेच्या आरोग्य विभागाने आणि विद्यापीठाने करून पाहावे. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात, लेप्टोचा मोसम जुलैत. त्यामुळे टेबल, सिस्टर आणि नोंदवही 15 जूनच्या आत बसलेली हवी.